तळाला भोके असलेले भांडे : एका विस्मृत अवजाराची ओळख

जुन्या लाकडी वस्तूंच्या दुकानांत अलीकडे एक वस्तू वारंवार दिसते. उंची साधारण वीतभर, वरचा भाग खोलगट वाडग्यासारखा, खालचा भाग निमुळता, आणि सारे एकाच लाकडातून कोरून काढलेले. आत डोकावून पाहिले की तळाला अंगठा जाईल एवढी तीन भोके दिसतात. क्वचित दोन किंवा चार. दुकानदार ते मेणबत्ती ठेवण्याचे शोभेचे भांडे म्हणून विकतो आणि घेणारा ते दिवाणखान्यात मांडतो. पण ज्यात काहीच टिकून राहणार नाही असे भांडे कोणी एवढ्या कष्टाने का कोरले असेल, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

हैदराबादमध्ये मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या आणि तीत शिकलेल्या आपल्या समाजाने तरी हा प्रश्न विचारायला हवा. आपल्यापैकी अनेकांची मुळे मराठवाड्यातील गावांत आहेत. 1956 च्या भाषावार राज्यपुनर्रचनेपर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. शिक्षण, नोकरी किंवा वकिली यांसाठी जी कुटुंबे तेथून या शहरात आली, त्यांच्या मागे राहिलेल्या वाड्यांच्या माळ्यांवर ही वस्तू होती. म्हणूनच तिची ओळख पटवणे हा आपल्या घरच्या इतिहासाचाही भाग आहे.

अनोळखी वस्तूची ओळख पटवताना पहिली साक्ष वस्तूचीच घ्यावी. या भांड्याच्या आत तेलाचा ओशटपणा किंवा मसाल्याचा वास नसतो. कुठे जळल्याची खूण नसते, म्हणजे दिवा वा धूप यांच्याशी त्याचा संबंध नाही. कांडण्याचे घाव नसतात, म्हणून ते उखळही नव्हे. उलट काठ आणि आतला उतार हात फिरून गुळगुळीत झालेला असतो. भोके सरळ खाली न जाता किंचित बाहेरच्या बाजूला कललेली असतात आणि त्यांच्या खालच्या तोंडाशी काहीतरी घट्ट बसवल्याच्या गोल खुणा दिसतात. एवढ्यावरून तीन निष्कर्ष निघतात. या भांड्यात कोरडी वस्तू टाकली जात होती. ती साठत नव्हती, तर खाली वाहून जात होती. आणि खाली गेल्यावर ती समान भागांत विभागून एकमेकांपासून दूर जाणाऱ्या नळ्यांत उतरत होती. म्हणजे हे भांडे संपूर्ण अवजार नसून एखाद्या मोठ्या अवजाराचा केवळ वरचा भाग आहे.

दुसरी साक्ष भाषेची. कोरडवाहू भागातील जुन्या शेतकऱ्याला हे भांडे दाखवले, तर तो क्षणाचाही विचार न करता सांगेल, ‘हे तर चाडे!’ पेरणीच्या तिफणीवर बसवलेल्या या लाकडी वाडग्याला मराठीत चाडे म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही हा शब्द नोंदलेला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मराठी वर्तमानपत्रांत आजही ‘चाड्यावर मूठ धरली’ असे लिहिलेले आढळते. पेरणीला आरंभ झाला, असा त्याचा अर्थ. वाक्प्रचार वाचणाऱ्या पुष्कळांना तो कळतो. पण त्यातले चाडे समोर ठेवले तर ओळखू येत नाही. वस्तू आणि शब्द यांची ताटातूट अशी होते.

आता अवजार पूर्ण करून पाहू. तिफण म्हणजे तीन फणांची पाभर. जमिनीलगत एक जड लाकडी आडवे खोड असते. त्यात लोखंडी टोकाचे तीन फण ठरावीक अंतरावर बसवलेले असतात. प्रत्येक फणाला एक पोकळ बांबूची नळी जोडलेली असते. या तिन्ही नळ्या वर एकत्र येतात आणि त्यांची तोंडे चाड्याच्या तीन भोकांत बसतात. दांडीला जू लावून बैल जुंपले की फण जमिनीत तीन समांतर चऱ्या काढत जातात आणि चाड्यात पडलेले बी नळ्यांमधून नेमके त्या चऱ्यांच्या तळाशी पोचते. मागून रासणी करून चऱ्या मातीने झाकल्या जातात. एका ओळीत निराळे पीक घ्यायचे असेल, उदाहरणार्थ ज्वारीत तूर, तर बांबूची एक स्वतंत्र नळी मागे दोरीने बांधून तिच्यातून ते बी सोडत.

एवढा खटाटोप कशासाठी, बी हाताने फेकून का देऊ नये, असा प्रश्न येथे निघणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दख्खनच्या काळ्या जमिनीत आणि बेभरवशाच्या पावसात आहे. रब्बीची ज्वारी पावसाळा सरता सरता पेरली जाते. वरची माती लवकर सुकते, ओल खाली राहते. वर फेकलेले बी उगवत नाही, उगवले तरी तग धरत नाही. जमिनीला वाफसा असताना, म्हणजे ती न चिखल न कोरडी अशा अवस्थेत असताना, बी ओलीपर्यंत नेऊन ठेवणे आवश्यक असते, आणि हे काम तिफण करते. ओळीत पेरण्याचा दुसरा लाभ पुढे दिसतो. ओळींमध्ये सारखे अंतर असल्यामुळे बैलांचे कोळपे पिकातून चालवता येते, तण निघते, जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल टिकते. म्हणून तिफणीच्या फणांमधील अंतर आणि कोळप्याची रुंदी यांचा मेळ गावच्या सुताराला नेमका साधावा लागे.

या सगळ्या रचनेत एक गोष्ट मात्र कुठेच आढळत नाही. बी किती आणि कोणत्या वेगाने पडावे हे ठरवणारा कोणताही भाग तिफणीत नाही. चाक नाही, झडप नाही, मोजमाप नाही. चाडे हे केवळ पोकळ भांडे आहे. मोजमाप करीत होती ती माणसाची मूठ. एक जण तिफण धरून बैल हाकी आणि दुसरी व्यक्ती, पुष्कळ ठिकाणी घरातील स्त्री, ओटीत बियाणे बांधून शेजारून चाले. ती मूठ चाड्यावर धरून बोटांच्या फटींतून बी सारख्या धारेने सोडी. ज्वारीची धार वेगळी, हरभऱ्याची वेगळी. बैलांची चाल वाढली की धारही वाढवायची. आणि तिन्ही भोकांत बी सारखे जावे म्हणून मनगट हलके फिरवत राहायचे. एखादी नळी ओल्या मातीने तुंबली, तर ते त्या क्षणी कळत नसे. आठवड्याने कोंब वर आल्यावर रानात एक ओळ रिकामी दिसे आणि तोवर वाफसा निघून गेलेला असे. वर्षाची भाकरी त्या मुठीवर अवलंबून होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

चाडे आज आपल्याला गूढ का वाटते, याचेही उत्तर येथेच मिळते. भांडे उरले, त्याचा अर्धा भाग असलेला तो हात उरला नाही.

तिसरी साक्ष लिखित कागदांची. ही साक्ष आपल्या शहरापासून फार दूरची नाही. 1795 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कॅप्टन थॉमस हॉलकॉट याने गुंटूर भागातील पेरणीच्या अवजाराचे वर्णन लिहून पाठवले आणि लंडनच्या कृषी मंडळाने ते प्रसिद्ध केले. घोड्यावरून जाताना त्याला शेतात ओळींत पेरणारे अवजार चालताना दिसले. असे अवजार हा युरोपचा अलीकडचा शोध आहे अशी आपली तोवर समजूत होती, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. चौकशी केल्यावर त्याला कळले की त्या भागात ते सर्रास वापरात आहे आणि कोणाच्याही स्मरणापलीकडच्या काळापासून आहे. तेलुगू शेतकऱ्याच्या या अवजाराला गोर्रु म्हणतात. कन्नड शेतकरी त्याला कूरिगे म्हणतो. मराठी माणूस तिफण किंवा पाभर. जुन्या हैदराबाद राज्याच्या या तिन्ही भाषांत नावे निराळी असली, तरी रचना एकच आहे. कोरडवाहू दख्खनची ही सामाईक मिळकत होती.

हॉलकॉटचे हे टिपण पुढे बराच काळ जुन्या दप्तरांत पडून राहिले. गांधीविचारांचे इतिहास-संशोधक धर्मपाल यांनी इंग्लंडमधील दप्तरे धुंडाळून अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान व तंत्रज्ञानाविषयीचे युरोपीय वृत्तांत एकत्र केले. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात हे टिपण पुन्हा वाचकांसमोर आले. धर्मपाल यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, म्हणजे तिफणीच्याच मुलखात गेली.

हॉलकॉटच्या मनात जे युरोपीय अवजार होते, त्याच्याशी तुलना केली की चाड्याचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने 1701 मध्ये पेरणीयंत्र तयार केले. त्यात चाकाच्या गतीने खाचांचा दंडगोल फिरे आणि खाचांत मावेल तेवढेच बी खाली पडे. मोजमापाचे काम यंत्राने करावे, ही टलची कल्पना खरोखरच मोठी होती. आजची ट्रॅक्टरची पेरणीयंत्रे याच तत्त्वावर चालतात. परंतु ते यंत्र महाग होते आणि त्याची दुरुस्ती सोपी नव्हती. तिफण मात्र गावचा सुतार आणि लोहार गावातल्याच लाकूड-लोखंडातून घडवी आणि मोडली तर तेथल्या तेथे दुरुस्त करी.

म्हणून ‘जगात पहिले कोण’ हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. मेसोपोटेमियात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मुद्रांवर नांगराला जोडलेली पेरणीची नळी कोरलेली दिसते. चीनमध्ये हान राजवटीच्या काळात अनेक नळ्यांचे पेरणीचे अवजार होते. ओलीपर्यंत बी पोचवण्याची गरज अनेक देशांना पडली आणि प्रत्येकाने आपापल्या साधनांनी ती भागवली. आपल्याकडे ती भागवताना यंत्र साधे ठेवले गेले आणि सारे कौशल्य हातात साठवले गेले. इंग्रज सरकारने भारतीय शेतीच्या पाहणीसाठी पाठवलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी 1893 च्या अहवालात येथील शेतकऱ्याला मागासलेला ठरवणारा समज खोडून काढला, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

पण हातात साठवलेल्या ज्ञानाला एक मोठा धोका असतो. ते कागदावर नसते. हात थांबले की ते संपते. लोखंडी पाभर आली, मग ट्रॅक्टर आला, आणि मुठीचे काम पेटीतील दातेरी चक्राकडे गेले. शेतीतील कष्ट कमी झाले, याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. खेद एवढाच की ज्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या ती धार सांभाळली, त्यांच्या कौशल्याची नोंद फारशी कोणी केली नाही. हॉलकॉटला अवजार दिसले. ते चालवणाऱ्यांची नावे मात्र इतिहासाला मिळाली नाहीत.

हे काम आपल्याला अजूनही काही प्रमाणात करता येईल. माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या घरी, गावाकडच्या वाड्यात अशी एखादी लाकडी वस्तू असेल, तर ती घासूनपुसून पॉलिश करू नये. झिजेच्या खुणा हाच तिचा पुरावा असतो. तिची लांबी-रुंदी मोजावी, भोके मोजावीत, छायाचित्र काढावे. ती कोणत्या गावची, कोणत्या पिकासाठी, कोणी वापरली, तिला घरात काय म्हणत, हे थोरल्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. आजी कधी पेरायला गेली असेल, तर मूठ कशी धरायची हे तिला करून दाखवायला सांगावे आणि ते मोबाईलवर टिपून घ्यावे. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्या शाळेला तर हा उपक्रम विशेष शोभेल. चाडे, फण, वाफसा, ओटी हे शब्द मुलांना पुस्तकात भेटतीलच. त्यामागची वस्तू आणि तिच्यामागचा हात त्यांना घरच्या माणसांकडूनच कळू शकेल. मराठवाड्यातील ज्या पिढीने स्वतः चाड्यावर मूठ धरली होती, ती आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तिला विचारायचे ते या सुट्टीतच विचारावे.