केळशीच्या काळ्या वाळूत सोनं सापडतं का?

एखादा माणूस डोंगरातल्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहतो. उथळ थाळीत वाळू घेऊन ती गोल गोल फिरवतो आणि शेवटी थाळीच्या तळाशी चार पिवळे कण चमकतात. असे व्हिडिओ सध्या सगळीकडे दिसतात. थाळीतल्या शेवटच्या थराकडे नीट पाहिलं, तर सोन्याच्या कणांभोवती नेहमी काळी वाळू दिसते. मग कोकणातल्या माणसाच्या मनात एक प्रश्न येणारच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या, दापोली तालुक्यातल्या केळशीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. मग तिथेही सोनं मिळेल का?

थोडक्यात उत्तर असं: काळी वाळू खरी आहे, पण त्यामागे सोनं नाही. हौसेपोटी तिथे खणायला जाणं कायद्याच्या दृष्टीनेही महागात पडू शकतं. आता याची कारणं पाहू.

थाळी फिरवल्यावर नेमकं काय होतं?

घरी तांदूळ रोळताना जे होतं, तेच. भांडं हलवत पाणी ओतलं की तांदूळ पाण्याबरोबर पुढे जातात आणि खडे तळाशी राहतात. सोनं शोधणारा वाळू रोळतो, एवढाच फरक.

यामागे घनतेचा हिशेब आहे. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट असते, तर साध्या गारगोटीच्या वाळूची सुमारे २.६५ पट. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, त्यामुळे हा फरक पाण्यात आणखी वाढतो. सारख्याच आकाराच्या दोन कणांपैकी सोन्याचा कण पाण्यात वाळूच्या कणापेक्षा सुमारे ११ पट जड भरतो. म्हणून वाळू वाहून जाते आणि सोनं जागेवर बसतं.

नदी हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडांच्या मागे किंवा खडकांच्या भेगांमध्ये पाण्याचा वेग कमी होतो. तिथे जड कण साचतात. हौशी शोधकही बरोबर याच जागा धुंडाळतात.

मग काळी वाळू कशाची?

मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या दोन खनिजांची. इल्मेनाइटमध्ये लोह आणि टायटॅनियम असतं. मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज आहे आणि ते लोहचुंबकाला लगेच चिकटतं. इल्मेनाइटची घनता सुमारे ४.७, तर मॅग्नेटाइटची ५.२. म्हणजे दोन्ही साध्या वाळूपेक्षा जड, पण सोन्यापेक्षा कितीतरी हलकी.

पावसाळ्यात लाटांचा जोर वाढतो. हलकी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा लाटा ओढून नेतात आणि जड काळे कण मागे राहतात. त्यातून किनाऱ्यावर काळे पट्टे तयार होतात. रत्नागिरी शहराजवळच्या मिऱ्या आणि काळबादेवीच्या उपसागरांमधल्या इल्मेनाइटचा भूवैज्ञानिकांनी अभ्यास केला आहे.

काळी वाळू आणि सोनं यांचं नातं एवढंच, की दोन्ही जड असल्यामुळे एकाच जागी साचतात. नदीच्या वरच्या भागात सोनं असेल, तर ते काळ्या वाळूत मिळेल. वरती सोनंच नसेल, तर थाळीत फक्त काळी वाळू उरेल.

केळशीच्या वरच्या डोंगरात काय आहे?

केळशी भारजा नदीच्या मुखाशी वसलं आहे. ही नदी मंडणगड तालुक्यातल्या डोंगरांमधून येते. हा सगळा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे आणि त्यावर जांभ्याचा थर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा हा दख्खनचा खडक तयार झाला.

सोन्याच्या खाणी सहसा वेगळ्या आणि फार जुन्या खडकांमध्ये असतात. कर्नाटकातली कोलारची खाण २००१ साली बंद झाली, तर रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण अजून चालू आहे. दोन्ही ठिकाणचे खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत. त्या खडकांमधल्या भेगांमध्ये गरम पाण्याने सोनं आणि गारगोटी एकत्र साचवली. दख्खनच्या लाव्हात ही प्रक्रिया सोन्याचे साठे तयार होण्याइतकी झालीच नाही. म्हणून इथे सोन्याची शिर नाही आणि नदीत वाहून येणारं सोनंही नाही.

महाराष्ट्रात सोन्याचे पुरावे आहेत, पण ते पूर्व टोकाला, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांमध्ये. तिथे दख्खनचा लाव्हा संपतो आणि जुने खडक वर येतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वैरागड तर एके काळी हिऱ्यांसाठी ओळखलं जायचं. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'मध्येही आहे.

लाव्हाच्या प्रदेशात काय मिळतं?

सोनं नसलं, तरी दख्खनचा खडक खनिजांच्या बाबतीत गरीब नाही. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. नंतर त्या पोकळ्यांमध्ये पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली खनिजं आणि त्यांच्यासोबत सापडणारं अपोफिलाइट यांसाठी पुणे, नाशिक, जळगाव हे भाग जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमधलं गडद निळं कॅव्हन्साइट तर जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांमध्ये पोहोचलं आहे. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला 'गारगोटी' नावाचं खास खनिजांचं संग्रहालय आहे.

याच पोकळ्यांमध्ये अकीकही तयार होतो. नद्यांच्या पात्रात मिळणारे पट्ट्यापट्ट्यांचे, अर्धपारदर्शक गोटे बहुतेक वेळा अकीकचे असतात. गुजरातमधल्या खंबातचा अकीकच्या मण्यांचा प्रसिद्ध व्यवसाय दख्खनच्या लाव्हातून आलेल्या याच दगडावर उभा राहिला.

सोनं रोळणारी माणसं आपल्याकडेही होती

नदीची वाळू धुऊन सोनं काढणं ही परदेशातून आलेली गोष्ट नाही. झारखंडमधून वाहणाऱ्या सुवर्णरेखा नदीच्या नावातच सोनं आहे. छत्तीसगडमध्ये हे काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या समाजाला सोनझरिया म्हणतात.

मराठीतही यासाठी शब्द आहेत: झारेकरी आणि धूळधोया. त्यांची नदी मात्र सराफ कट्ट्याची होती. दागिना घासताना, कापताना सोन्याचे बारीक कण उडतात आणि दुकानातल्या केरात, राखेत, बाहेरच्या गटारात जातात. झारेकरी तो केर विकत घेत किंवा झाडून गोळा करत आणि पाण्यात रोळून जड भाग वेगळा करत. मग पाऱ्याने सोन्याचे कण पकडायचे, पारा उडवायचा आणि उरलेलं सोनं आम्लाने शुद्ध करायचं. मुंबईच्या झवेरी बाजारात रस्त्यावरची धूळ झाडून नेणारी माणसं अजूनही दिसतात.

या कामाला हौस म्हणता येणार नाही. पाऱ्याची वाफ श्वासातून शरीरात जाते, मेंदू आणि मूत्रपिंडांना इजा करते. घरी पारा वापरून सोनं काढण्याचे व्हिडिओ पाहून तसा प्रयोग कधीही करू नये. खिडकी उघडी ठेवल्याने हा धोका टळत नाही.

परदेशात चालतं, मग इथे का नाही?

१८४८ साली कॅलिफोर्नियात एका लाकूड गिरणीच्या पाटात सोनं सापडलं आणि जगभरातून लोक तिकडे धावले. आज अशा काही देशांमध्ये हा छंद म्हणून उरला आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सरकारने काही नद्यांचे भाग यासाठी राखून ठेवले आहेत. तिथे थाळी आणि फावड्यासारखी हातातली साधनं वापरून कोणीही सोनं शोधू शकतं.

भारतात खनिज कायद्यात छंदासाठी अशी वेगळी सोय नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, खनिजांची मालकी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार खनिजांवर सरकारचा हक्क असतो. परवानगीशिवाय वाळू उपसली, तर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राच्या १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात बेकायदा उत्खननासाठी ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

दुसरी, किनाऱ्याचे नियम. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वात संवेदनशील गटात येतात. केळशीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत वाळूखाली घरटी असतात. वरून काहीच दिसत नाही, पण फावड्याचा एक घाव घरट्यातली अंडी फोडू शकतो. या कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

तिसरी, गुप्तधन. वाळू खणताना जुनं नाणं किंवा दागिना सापडला, तर 'ज्याला सापडलं त्याचं' हा नियम लागू होत नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

केळशीची टेकडी

केळशीच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा नुसता कागदावरचा नाही. खाडीच्या मुखाजवळ वाळूची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा अनेक वर्षं अभ्यास केला. टेकडीच्या थरांमध्ये जुन्या मानवी वस्तीच्या खुणा आहेत: खापरं, कोळसा. ही वाळू वाऱ्याने हळूहळू आणलेली नसून समुद्राच्या प्रचंड लाटेने, म्हणजे त्सुनामीने, एकदम आणून टाकली असावी, असं मत त्यांनी मांडलं.

१५२४ साली वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना वारा नसतानाही समुद्र एकदम खवळला, अशी नोंद पोर्तुगीज इतिहासात आहे. दाभोळ केळशीच्या दक्षिणेला, त्याच तालुक्यात आहे. टेकडीचा संबंध या घटनेशी जोडता येतो का, यावर अभ्यासक चर्चा करत आले आहेत. पश्चिम किनाऱ्याला त्सुनामीचा किती धोका आहे, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. त्याचं उत्तर शोधायचं, तर वाळूचे थर जसेच्या तसे हवेत. कोणता कोळसा कोणत्या थरात होता, हे एकदा विस्कटलं की कोणतीही प्रयोगशाळा ते पुन्हा सांगू शकत नाही.

हौस असेल तर काय करता येईल?

केळशीला जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काळ्या वाळूवरून फिरवा. जे कण लगेच उड्या मारून चिकटतात, त्यांत मॅग्नेटाइट आहे. चुंबक पिशवीतून बाहेर काढलं की कण आपोआप गळून जागेवर पडतात. फोनच्या कॅमेऱ्याला भिंग लावून फोटो काढा. वाळू घरी आणण्याची गरजच पडत नाही.

एखादा कण पिवळा चमकला, तर त्याच्यावर सावली धरून पाहा. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं. अभ्रक किंवा शिंपल्याची चमक कोन बदलला की विझते. सुईने दाबल्यावर सोनं दबतं, तर सोन्यासारखं दिसणारं पायराइट तुटतं.

स्फटिकांची आवड असेल, तर सिन्नरच्या संग्रहालयापासून सुरुवात करता येईल. नमुना विकत घेणार असाल, तर कोणत्या खाणीतून आला ते विचारा आणि पावती घ्या. ठिकाणाची नोंद नसलेल्या स्फटिकाला संग्राहकांच्या जगात फारशी किंमत नसते.