कोराकुएन व पुणे-ओकायामा मैत्री उद्यान

जपानी परंपरेत उद्यान म्हणजे केवळ फुलझाडांची मांडणी नव्हे. डोंगर, प्रवाह, समुद्रकिनारा यांचे मर्यादित जागेत साकारलेले रूप, असा त्याचा अर्थ आहे. निहोन शोकी (७२०) या इतिवृत्तात, कोरियातील पेक्चे राज्यातून आलेल्या एका कारागिराने ६१२ मध्ये राजवाड्याच्या दक्षिण आवारात सुमेरू पर्वताची प्रतिकृती उभारल्याची नोंद आहे. मेरूची ही कल्पना मूळची भारतीय असून बौद्ध धर्माबरोबर ती पूर्वेकडे गेली. अकराव्या शतकातील साकुतेइकी या ग्रंथात उद्यानरचनेला ‘शिळा उभ्या करणे’ असेच म्हटले आहे. फुलांपेक्षा शिळांना व पाण्याला असलेले हे प्राधान्य पुढेही टिकले.

एदो काळात (१६०३–१८६८) सरंजामदारांनी फिरत फिरत पाहण्याची विस्तीर्ण उद्याने निर्माण केली. त्यांतील वाट मुद्दाम वळणांची असते. एक दृश्य झाकले जाते आणि पुढच्या वळणावर दुसरे उलगडते. कूमामोतो येथील सुइझेन्‌जी उद्यानात एदो ते क्योतो या राजमार्गावरील स्थळे प्रतीकरूपाने दाखविली आहेत, असे सांगतात. तेथील टेकाडाला फूजी पर्वताचा आकार आहे.

ओकायामाचे कोराकुएन हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. कानाझावाचे केनरोकुएन व मितोचे काइराकुएन यांच्यासह ते जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत गणले जाते. सरंजामदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेवरून त्सुदा नागातादा याने १६८७ मध्ये काम सुरू केले व १७०० मध्ये ते मुख्यतः पूर्ण झाले. सु. १३ हेक्टर क्षेत्राचे हे उद्यान आसाही नदीच्या पात्रातील बेटावर असून पलीकडचा काळा किल्ला जणू उद्यानाचाच भाग वाटतो. बाहेरचे दृश्य असे आत सामावून घेण्याला जपानीत ‘उसना देखावा’ या अर्थाची संज्ञा आहे. विस्तीर्ण हिरवळ हे येथील वैशिष्ट्य. जपानी उद्यानात ती सहसा आढळत नाही. हिरवळीलगत चहाचा मळा व भातखाचरही आहे. सरंजामदाराच्या विहारस्थानी भातशेती पाहून कोकणातल्या प्रवाशाला नवल वाटावे! त्या काळीही ठराविक दिवशी सामान्य लोकांना आत प्रवेश मिळे. ‘प्रजेच्या आधी चिंता, प्रजेच्या नंतर सुख’ या आशयाच्या चिनी वचनावरून १८७१ मध्ये आजचे नाव देण्यात आले आणि १८८४ मध्ये उद्यान जनतेला खुले झाले. १९३४ चा महापूर व १९४५ मधील बाँबहल्ला यांत त्याची मोठी हानी झाली. तथापि एदोकालीन चित्रांच्या आधारे त्याची पुनर्रचना करण्यात आली. त्यामुळे प्रवासी आज जे पाहतो, ते पुष्कळसे जतन केलेल्या आराखड्याचे फळ आहे.

हाच आराखडा प्रेरणास्थान मानून पुण्यात सिंहगड रस्त्यावर सु. १० एकर जागेत पुणे-ओकायामा मैत्री उद्यान उभारण्यात आले व २००६ मध्ये ते खुले झाले. तळी, झरा, पूल, टेकाडे आणि वळणाची वाट ही अंगे येथे नेटकेपणाने आली आहेत. वसंतातील चेरीचा बहर व शरदातील मॅपलची लाली मात्र पुण्याच्या हवामानात आणता येत नाही. म्हणून येथील सौंदर्याचा भार मुख्यतः जमिनीची ठेवण, पाणी व झुडपांची छाटणी यांवर आहे. छाटणीत खंड पडल्यास टेकाडांची रेषा बुजते व वाटेवरील दृश्यांचा क्रम मोडतो; साध्या सार्वजनिक बागेपेक्षा येथील निगा अधिक खर्चिक ठरते ती यामुळेच. उद्यानाला पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे नाव दिले असून त्यांच्या पूर्वरंग या प्रवासवर्णनात जपानचाही समावेश आहे.