खोडकिडा कोणत्या धानावर वाढतो?

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील मुख्य पीक धान आणि त्यावरील एक मोठी कीड म्हणजे पिवळा खोडकिडा. शेजारच्या दोन बांध्यांत एकीचे नुकसान जास्त, दुसरीचे कमी, असे का होते? याचे एक कारण रोपाच्या गुणधर्मांत असते.

नुकसान कसे होते?
मादी पतंग पानाच्या टोकाजवळ पुंजक्याने अंडी घालते. अळी बाहेर पडली की खोडात शिरून आतला भाग खाते. फुटवे येताना मधला पोंगा सुकतो, त्याला गाभेमर म्हणतात. निसवल्यावर पोकळ पांढरी लोंबी दिसते.

रोपाचे कोणते गुण महत्त्वाचे?
• सिलिका: वाळूतील हा घटक धान जमिनीतून भरपूर शोषते. खोडात तो जास्त असला की अळीचे जबडे झिजतात आणि आत शिरायला वेळ लागतो. तेवढ्यात कोळ्यांसारखे शत्रू तिला गाठतात.
• खोडाची रचना: जाड, रुंद पोकळीचे खोड अळीला सोयीचे असते. खोडाला घट्ट बिलगलेले पर्णकोष तिची वाट अडवतात.
• नत्र: जास्त युरियाने धान गर्द हिरवे, लुसलुशीत होते. अशा बांधीत पतंग अधिक अंडी घालतात, अळीही जोमाने वाढते.

वाणाचा फरक
तमिळनाडूच्या टीकेएम-6 या वाणात खोडकिड्याला काही प्रमाणात प्रतिकार आहे. त्याच्या संकरातून फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-20 हे वाण दिले, 1969 मध्ये. मात्र पूर्ण प्रतिकारक वाण अजून नाही, म्हणून मशागतही तितकीच महत्त्वाची.

शेतात काय करता येते?
युरिया एकदम न देता विभागून द्यावा. रोवणीपूर्वी रोपांची टोके खुडावीत, म्हणजे त्यांवरील अंडी बांधीत जात नाहीत. कापणीनंतर नांगरट करून धसकटे नष्ट करावीत, कारण अळ्या त्यांत दडून राहतात. तणीस शेणखतातून बांधीत परतली की सिलिकाही परतते. सुमारे 5 टक्के फुटवे गाभेमर झालेले दिसले, तरच फवारणीचा विचार करावा. फवारणीआधी रोपच अळीला अवघड करणे स्वस्त पडते.