प्राप्तिकर विवरणपत्राची स्थिती

प्राप्तिकराचे विवरणपत्र, म्हणजे बोलीतील रिटर्न, सादर झाल्यापासून त्याचा निकाल लागेपर्यंत ते कोणत्या टप्प्यावर आहे हे दाखवणारी, प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावरील नोंद. अमेरिकेत बहुतेक राज्ये संघराज्याच्या करावर आपला वेगळा प्राप्तिकर आकारतात आणि म्हणून तेथील करदात्याला राज्याच्या विवरणपत्राची स्थिती निराळी पाहावी लागते. भारतात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने शेतीव्यतिरिक्त उत्पन्नावरील कर केंद्राकडे (संघसूची, नोंद 82) आणि शेतीउत्पन्नावरील कर राज्यांकडे (राज्यसूची, नोंद 46) सोपवला आहे. अंबा नदीच्या मुखाशी धरमतर खाडीच्या परिसरात ही विभागणी जमिनीवरच दिसते: खारबंदिस्तीआड पिकलेले भात हे शेतीउत्पन्न ठरते, तर भरतीचे पाणी आत घेऊन मिठागरात तयार केलेल्या मिठाचे उत्पन्न शेतीचे मानले जात नाही व त्यावर केंद्राचा प्राप्तिकर लागू होतो. महाराष्ट्र शासन 1975 च्या कायद्यानुसार जो व्यवसायकर घेते त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये असून नोकरदाराच्या पगारातून तो मालकच कापून भरतो व त्याचे विवरणपत्रही मालकच देतो. त्यामुळे पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्यातील किंवा रोहा तालुक्यातील नागोठण्याच्या रसायन प्रकल्पातील कामगाराला स्थिती पाहायची असते ती केंद्राकडील विवरणपत्राचीच.

ही स्थिती संकेतस्थळावरील आपल्या खात्यात, अथवा खाते न उघडताही पोचपावतीचा क्रमांक आणि चालू मोबाइल क्रमांक देऊन पाहता येते. विवरणपत्र सादर झाले पण ई-पडताळणी बाकी आहे, असे दिसत असेल तर काम अर्धवटच राहिले आहे असे समजावे. ऑगस्ट 2022 पासून पडताळणीची मुदत 120 दिवसांवरून 30 दिवसांवर आली असून, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाने ती घरबसल्या होते किंवा सही केलेली पोचपावती टपालाने बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे पाठवावी लागते. ही मुदत टळल्यावर पडताळणी केल्यास तीच तारीख विवरणपत्राची तारीख धरली जाते व उशिराचे परिणाम भोगावे लागतात. पडताळणी कधीच झाली नाही तर विवरणपत्र मुळी दिलेच नाही असे कायदा मानतो. विवरणपत्र सदोष ठरल्यास, 1961 च्या कायद्याच्या कलम 139(9) नुसार सूचना मिळाल्यापासून सामान्यतः 15 दिवसांत दुरुस्ती करावी लागते.

सर्वांत जास्त गैरसमज ‘प्रक्रिया पूर्ण’ या नोंदीभोवती आहे. तिचा अर्थ एवढाच की प्रक्रिया केंद्राने हिशेब तपासून कलम 143(1) खालील सूचनापत्र काढले आहे. त्यात करदात्याने दाखवलेले आकडे आणि विभागाने काढलेले आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात, आणि त्यातील फरकानुसार परतावा (रिफंड) निघतो, कर मागितला जातो किंवा काहीच देणेघेणे उरत नाही. लहान ठेकेदाराच्या बिलातून मूळस्रोतावर कापलेला कर त्याच्या खऱ्या देण्यापेक्षा पुष्कळदा जास्त असतो आणि त्याचे खेळते भांडवल या परताव्यात अडकून पडते. म्हणून हे पत्र त्याने स्वतः वाचणे अत्यावश्यक आहे. परतावा निघाला तरी तो आधी वैध करून घेतलेल्या बँक खात्यातच जमा होतो. खाते बंद असेल वा नाव जुळत नसेल तर तो परत जातो आणि पुन्हा पाठवण्याची विनंती करावी लागते. मागील वर्षांची थकबाकी असल्यास कलम 245 खाली आधी कळवून परताव्यातून ती वळती करता येते. विवरणपत्र वेळेत दिले असेल तर कलम 244अ नुसार परताव्यावर करनिर्धारण वर्षाच्या 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते; मात्र परतावा निश्चित झालेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असल्यास ते मिळत नाही.

अनेक करदाते विवरणपत्र सल्लागाराकडून भरून घेतात आणि ई-फायलिंग खात्याला त्याचाच मोबाइल क्रमांक व ई-मेल जोडलेला राहतो. अशा वेळी सदोषतेची किंवा कराच्या मागणीची सूचना ज्याच्यासाठी असते त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि उत्तराची मुदत त्याच्या नकळत संपते. यासाठी संपर्काचा तपशील करदात्याने स्वतःचाच नोंदवणे हिताचे असते.