श्वास देणारी नळी

आमचे डिचोली आणि पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस 'नव्या काबिजादीं'त गेले. १८४२ साली गोव्यात 'एस्कोला मेदिका' ही वैद्यकशाळा निघाली. पण श्वास थांबू लागलेल्या रुग्णाला दिवसेंदिवस तगवण्याचा खात्रीचा उपाय तेव्हा कुठेच नव्हता. तो सापडला ऑगस्ट १९५२ मध्ये, कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत. डॉ. ब्योर्न इब्सेन यांनी गळ्यातल्या नळीवाटे हवा भरण्याचा मार्ग दाखवला आणि सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून रुग्ण जगवले. त्यातूनच अतिदक्षता विभाग जन्मला.

मे २०२१ मध्ये त्या श्वासाचे मोल आम्हा गोवेकरांना कळले. बांबोळीच्या गोमेकॉत ऑक्सिजन कमी पडला, माणसे गेली, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले. त्याच महिन्यात तिथे २०,००० लिटरची टाकी बसली.

मात्र जी नळी श्वास देते, तिच्यातूनच जंतूही फुप्फुसात उतरतात. ते औषधांना निर्ढावलेले असले, तर डॉक्टरांचे हात बांधले जातात. फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात हा इशारा दिला होता. म्हणून चतुर्थीच्या गर्दीत ताप आला, तर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, एवढे आपण पाळूया.