आधुनिक किल्ट
स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार वस्त्राचा रोजच्या वापरासाठी बदललेला प्रकार. पारंपरिक किल्टला सुमारे ८ यार्ड लोकरी टार्टन (चौकडीचे कापड) लागते. चुण्या हाताने शिवतात आणि खिसा नसल्याने पुढे ‘स्पोरन’ ही थैली बांधतात. आधुनिक किल्ट जाड सुती कापड, डेनिम किंवा चामड्याचा असतो व त्याला बहुधा खिसे असतात.

एडिंबरो येथे हाउई निकल्सबी यांनी १९९६ मध्ये ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी किल्ट्स’ सुरू केले. सिअॅटलमध्ये स्टीव्हन व्हिलेगास यांनी २००० मध्ये ‘युटिलिकिल्ट्स’ स्थापून कामकरी पुरुषांसाठी टिकाऊ, खिसेवाला किल्ट आणला.

उत्पादकांतील चुरस कापडाचे वजन, चुण्यांची ठेवण, खिसे व किंमत यांवर चालते. सियालकोट (पाकिस्तान) येथील स्वस्त मालामुळे ती वाढली. मापानुसार शिवून घेतलेला किल्ट महाग पण वर्षानुवर्षे टिकणारा असतो. टार्टनचे अभिमानी खिसेवाल्या वस्त्राला किल्ट मानत नाहीत. नव्यांचे समर्थक मात्र किल्ट मुळात डोंगराळ मुलखातील रोजचा पोशाख होता, याकडे बोट दाखवतात.