व्याख्याता आणि वाटाड्या

बंगळुरास बदलून आलेला मराठी माणूस भारतीय विज्ञान संस्थेच्या गर्द झाडीतून एकदा तरी फिरून येतो. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेतील अध्यापकाचा शब्द पुष्कळ वर्षे समोरच्या बाकांपुरताच होता. बाहेर जाई तो विद्यार्थ्याच्या टाचणवहीतून.

वर्गाची भिंत आपल्याकडे प्रथम आकाशमार्गाने ओलांडली गेली. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी योजलेला एज्युसॅट उपग्रह उडाला, तेव्हा पहिल्या प्रयोगांत बेळगावचे विश्वेश्वरय्या विद्यापीठ आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ ही दोन्ही होती. आपल्या परिचयाची ही गावे त्या यादीत पाहून मला, खरे सांगायचे तर, बरे वाटले. तरीही या पाठांना परीक्षेत मोल नव्हते; म्हणून महाविद्यालयातील अध्यापकाचे आसन ढळले नाही.

ते ढळू लागले निराळ्या वाटेने. सात आयआयटी आणि येथील विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एनपीटीईएल या योजनेखाली आपली व्याख्याने ध्वनिचित्रित केली. २०१७ साली ‘स्वयम्’ आले. त्याआधीच, २०१६ मध्ये, आयोगाने अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक वीस टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरले होते. २०२१ मध्ये ही मर्यादा चाळीस टक्के झाली. माझ्या मते इतिहासाचा सांधा बदलला तो यंत्रामुळे नव्हे, या टक्क्यांमुळे. व्याख्यान एकाचे आणि विद्यार्थी दुसऱ्याचे, अशी अध्यापनाची वाटणी झाली. स्थानिक अध्यापकाकडे उरले ते नावनोंदणी करवणे, स्वाध्यायांची आठवण देणे, आणि अडलेल्यास वाट दाखवणे. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. पण कागदावर ते सर्वांत कमी दिसते.

गेल्या वर्षी कचेरी सुटल्यावर मी स्वतः संख्याशास्त्राचा असा एक अभ्यासक्रम घेतला. व्याख्याते उत्तम होते. एकच भाग मी चार वेळा ऐकला, आणि चारही वेळा ते त्याच शब्दांत तेच बोलले. अखेर वही घेऊन शेजारच्या प्राध्यापकांकडे गेलो. ते स्वतः हाच विषय शिकवीत. आता त्यांचे विद्यार्थीही पडद्यावरच ऐकतात. त्यांनी पाव तासात माझी चूक नेमकी दाखवली, आणि मी सरकारी कारकून म्हणून मलाच हसत विचारले, “हा पाव तास कामाच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात भरायचा हो?”